झेंडा थांबेल तिथे थांबा

११ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ढगाळ, मग कडक ऊन. दूधवाला उशिरा आला. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गटाराचं लोखंडी झाकण कुणीतरी काढून नेलं. शेजारच्या शिंपिणीची चप्पल आत गेली, पाय वाचला. आपली आखूड पायाची खुर्ची त्या भोकावर नेऊन ठेवली, पाठीला लाल फडकं बांधलं. भाऊ म्हणतो, पाहुण्यांना काय वाटेल! संध्याकाळी वाटाणे सोलले.

ही रोजनिशी ताईची, आणि तिचा भाऊ म्हणजे पहिलेराव. त्यांचं खरं नाव कुठल्यातरी सरकारी कागदावर असेलच, पण गल्लीत कुणाला विचारलंत तर तो डोकं खाजवत राहील. पहिलेराव परक्या पाहुण्यांना शहर दाखवणारे गाइड होते, आणि त्यांच्या तोंडून निघालेली प्रत्येक गोष्ट जगात पहिली असे. चौकातला घड्याळाचा मनोरा जगातला पहिला. त्यामागचा दगडी पूल जगातला पहिला. पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याला नदी म्हणायचं ठरलं, तेही बहुधा इथेच. शिंपिणीच्या नातवाला गोवर उठला तेव्हा ती मुद्दाम दारात येऊन विचारून गेली, "काय हो पहिलेराव, हाही जगातला पहिलाच का?"

पहिलेराव चिडत नसत. "हसा," म्हणत. "आपल्या देशाची किंमत आपल्यालाच नाही."

बायको गेल्यापासून ते थोरल्या बहिणीकडे राहत होते. ताईही एकटीच. तिचे यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली होती. ताई लहानपणी मिशनरी बायकांच्या शाळेत शिकलेली. त्यामुळे तिची कपाटं, तिचे टॉवेल आणि तिची रोजनिशी, तिन्ही सारख्याच शिस्तीत. भावाचं बोलणं ती ऐकून घेई आणि मग एखादाच प्रश्न विचारी, आणि पहिलेरावांना तो दिवसभर चावत राही.

"झाकण गेलं, त्याचा अर्ज दे ना वॉर्ड ऑफिसात," ती त्या शुक्रवारी म्हणाली. "तुझी ओळख आहे तिथे."

"ताई, आपल्या घरातलं उणं चारचौघांत सांगतो का आपण?"

"घरात कुठे आहे ते? रस्त्यात आहे."

पहिलेरावांनी चहाचा कप उचलला आणि खिडकीबाहेर बघितलं. खिडकीतून खुर्ची दिसत होती. लाल फडकं वाऱ्यावर असं फडफडत होतं की जणू कुणाचा सत्कारच चाललाय.

खुर्ची त्यांच्या डोळ्यांत सलण्याचं कारण वेगळं होतं. त्यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. पर्यटन कचेरीने त्यांना सांगितलं होतं की पुढच्या बुधवारी मोठ्या पाहुण्यांची एक तुकडी येणार आहे, सोबत कचेरीतल्या मॅडम स्वतः असतील, आणि त्यांचा अभिप्राय चांगला आला तर दोन वर्षं मुदतवाढ. नाही तर हार, नारळाऐवजी भिंतीवरचं घड्याळ, आणि घरी. ज्याला दिवसभर कुणाला तरी मनोरा दाखवायचाच असतो, त्याने घरी बसून काय दाखवायचं? बहिणीला चहाची किटली?

आणि पाहुण्यांची वाट नेमकी त्याच गल्लीतून होती, कारण मनोरा सगळ्यात देखणा तिथून दिसे.

पहिलेरावांची काम करायची एक पद्धत होती. ते पाहुण्यांकडे तोंड करून उलटे चालत. हातात काठीला लावलेला छोटा देशाचा झेंडा, आणि सुरुवातीलाच एक सूचना: "झेंडा चालेल तिथे चला, झेंडा थांबेल तिथे थांबा." पाहुण्यांची नजर झेंड्यावर, झेंड्यावरून मनोऱ्यावर. पायाखाली बघायची सवड त्यांना मिळत नसे, आणि तीच तर खुबी होती. गल्लीतला साचलेला कचरा, नळावरची भांडणं, पायरीवर झोपलेला कुणी, सगळं त्या झेंड्याच्या खालून निघून जाई. स्वतः पहिलेरावांना मागे वळून बघावं लागत नसे. भाषण इतकं पाठ होतं की प्रत्येक वाक्याला पाऊल ठरलेलं. शिंपिणीची खिडकी आली की "हा मनोरा", पुढच्या ओट्याशी "चार तोंडांचं घड्याळ", आणि ते वाक्य संपलं की डावीकडे वळायचं. डावीकडे वळलं की गटार आपोआप चुकतं.

बुधवारी सकाळी ताई अंघोळीला गेली तशी पहिलेरावांनी खुर्ची उचलली, फडक्यासकट जिन्याखाली लपवली आणि इस्त्रीचा कोट चढवला.

पाहुणे उत्साही होते. मॅडम वही घेऊन मागे होत्या. शिंपिणीची खिडकी आली. "हा मनोरा!" सगळ्यांच्या माना वर. ओटा आला. "जगातलं पहिलं चार तोंडांचं घड्याळ!" आता डावीकडे वळायचं, तेवढ्यात एका उंच पाहुणीने हात वर केला.

"चारही तोंडांवर वेळ वेगवेगळी का आहे?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. खरं उत्तर सोपं होतं: ते घड्याळ पहिलेरावांच्या मुंजीच्या वयापासून बंद होतं. पण मॅडमच्या हातात वही होती.

"त्याचं असं आहे," पहिलेराव हसून म्हणाले, "आमच्या देशात कुणालाच उशीर होऊ नये म्हणून ही सोय केलेली आहे. ज्याला जी वेळ पटेल ती..."

हे वाक्य भाषणात नव्हतं. त्यामुळे त्याचं पाऊलही ठरलेलं नव्हतं. पाय आपले मागे मागे जात राहिले, आणि पहिलेराव दिसेनासे झाले.

गल्लीत सगळं थांबलं. जमिनीतून फक्त झेंडा वर आलेला होता, ताठ. आणि पाहुणे, सांगितल्याप्रमाणे, झेंड्याभोवती गोल करून शिस्तीत थांबले. एकाने फोटोही काढला. कार्यक्रमाचाच भाग असावा असं त्यांना वाटलं, कारण आतून आवाज येत होता, थोडा घुमणारा, पण तोच सराईत आवाज:

"आणि ही... आई गं... ही आपली भूमिगत सांडपाण्याची व्यवस्था. जगात..."

पुढचं त्यांना सुचलं नाही. तिथे वासच तसा होता.

"पहिली!" शिंपीण खिडकीतून ओरडली. "सांगा की, पहिली!"

उंच पाहुणी पालथी झोपली, दोघांनी तिचे पाय धरले आणि तिने पहिलेरावांना काखेत धरून वर ओढलं. घोटा सुजून दुधीभोपळ्याएवढा झाला होता. ताई ओल्या केसांनी धावत आली, तिने जिन्याखालून खुर्ची काढली, तिच्यावर भावाला बसवलं आणि एवढंच विचारलं, "खुर्ची कुणी हलवली रे?"

पहिलेरावांनी झेंड्याकडे बघितलं. झेंडा कोरडा होता.

सरकारी दवाखान्यात (त्याच्याबद्दलही त्यांचं एक लांबलचक वाक्य होतं) एका खाटेवर दोघं होते. दुसरा रोगी पायाकडे डोकं करून झोपलेला. पहिलेरावांनी रात्रभर त्याचे तळवे बघितले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना कुणाला काही दाखवावंसं वाटलं नाही. प्लास्टर घालून ते घरी आले, तेव्हा खुर्ची पुन्हा भोकावर होती.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. वही उघडून पलंगाच्या कडेवर बसल्या, पलंग करकरला, त्या सावरून बसल्या.

"काका, अहवाल वर पाठवायचाय. पाहुण्यांसमोर पडलात, म्हणजे कारण लिहावं लागणार. खड्डा मात्र लिहिता येणार नाही. देशाचा प्रश्न आहे."

"मग केळीच्या सालीवरून घसरलो, लिहा," पहिलेराव लगेच म्हणाले.

मॅडमनी पेन टेकवलं आणि उचललं. "साल म्हणजे कचरा आला. स्वच्छतेत आपण पहिले आहोत."

"दगडाला ठेचकाळलो."

"म्हणजे रस्ता वाईट."

"पाण्यावरून पाय गेला."

"पाइप फुटलाय असं होतं काका ते."

"कुत्रं आडवं आलं म्हणा ना."

"मोकाट?"

ताई पलीकडे बटाटे सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "चक्कर आली लिहा. चक्कर काही देशाची नसते."

मॅडमचा चेहरा उजळला. मग त्या हळूच म्हणाल्या, "पण चक्कर येणाऱ्या माणसाला मुदतवाढ कशी देणार?"

पहिलेराव प्लास्टरकडे बघत राहिले. या देशात माणसाला अब्रूने पडायलासुद्धा जागा उरली नव्हती. पडायचं तर स्वतःचीच चूक म्हणून पडायचं, आणि मग घरी बसायचं. कितीतरी वर्षं त्यांनी पाहुण्यांच्या माना वर ठेवल्या होत्या. त्या गल्लीतून रोज जाणाऱ्या शिंपिणीची मान मात्र खालीच असे, चप्पल सांभाळत. तिच्यासाठी त्यांनी एक अर्जही दिला नव्हता.

"खड्डा लिहा," ते म्हणाले.

"काका, विचार करा. दोन वर्षांचा प्रश्न आहे."

"झाकण नव्हतं लिहा. आणि त्यावर खूण म्हणून खुर्ची होती, ती मीच काढली, हेही लिहा. पाहुण्यांना दिसू नये म्हणून."

ताईचा सोलणारा हात थांबला. मग तिने आणखी एक बटाटा घेतला. मॅडम जेवायला थांबणार हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मॅडमनी लिहिलं. लिहिताना दोनदा उसासा टाकला, पण लिहिलं. जेवताना त्या म्हणाल्या की घड्याळाबद्दल मलाही लहानपणापासून विचारायचं होतं.

आता "खड्डा" हा शब्द सरकारी कागदावर गेला की त्याच्याखाली "बुजवला" असं कुणाला तरी लिहावंच लागतं. पहिलेरावांचं प्लास्टर निघायच्या आत गल्लीत झाकण आलं. त्यासोबत मॅडमचा निरोप आला: मुदतवाढ दोनऐवजी एकच वर्ष.

"खड्ड्यात एक वर्ष गेलं म्हण की," ताई म्हणाली.

"आणि एक वर्ष वर आलं," पहिलेराव म्हणाले. कोट झटकताना त्यांचे डोळे मात्र ओले झाले होते. एक वर्ष म्हणजे एकच.

खुर्ची धुऊन ताईने उन्हात ठेवली. खुर्चीची जागा जेवणाच्या टेबलाशी रिकामीच होती. पण शिंपीण झाकण बघून आली आणि म्हणाली, "अहो, यावर मागच्या गल्लीचा आकडा आहे. तिथलं उचलून इथे बसवलंय."

बहीण-भावाने एकमेकांकडे पाहिलं. ताई उठणार, तोच पहिलेराव म्हणाले, "बस तू." त्यांनी एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातात ती ओली खुर्ची, आणि लंगडत मागच्या गल्लीत गेले. मग मॅडमना फोन करून कारणासकट नवा अर्ज सांगितला. मॅडमनी या वेळी उसासा एकदाच टाकला.

कामावरच्या पहिल्या दिवशी ते पाहुण्यांच्या पुढे नाही, शेजारून चालले, पुढे तोंड करून. मनोऱ्याशी थांबले. "हे घड्याळ बंद आहे," म्हणाले, आणि त्यांच्या जिवाला काही झालं नाही. मग पाहुण्यांना मागच्या गल्लीत घेऊन गेले आणि लाल फडक्याच्या खुर्चीशी झेंडा थांबवला. सगळे थांबले.

"ही माझ्या बहिणीची खुर्ची," ते म्हणाले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. जरा अडखळले, मग छाती पुढे काढून जुन्या आवाजात म्हणाले, "एक पाय आखूड आहे. पण जगात अशी दुसरी खुर्ची नाही."

ताईने संध्याकाळी लिहिलं: भाऊ वेळेवर घरी. पाय थोडा सुजलेला, मिठाच्या पाण्यात ठेवला. कोबी खारट झाली. खुर्ची अजून मागच्या गल्लीतच, त्यामुळे दोघंही चटईवर बसून जेवलो.