अदृश्य मुलीचं वाक्य

अदृश्य माणूस रंगमंचावर दाखवायचा कसा? गेल्या जानेवारीत काल्हेरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हा प्रश्न पंधरा दिवस गाजला. पन्नाशीला आलेला मी, पण मुलांपेक्षा जास्त मलाच त्यानं पछाडलं होतं.

भानगड टीव्हीवरच्या एका कार्टूनपासून सुरू झाली. त्यात पाच चिमुकले सुपरहिरो शाळेत नाटक करायला जातात. डोंगर उचलणारा पडदा ओढतो तर खांबच उपटून हातात येतो. उडणारी मुलगी टाळ्या ऐकून छताला चिकटते ती खाली येईना. आणि एक मुलगी घाबरली की अदृश्य होते. त्यातच पडदा चोरीला जातो. बिल्डिंगमधल्या मुलांनी ठरवलं, सव्वीस जानेवारीला पार्किंगमध्ये हेच नाटक करायचं.

माझी मुलगी नऊ वर्षांची. घराबाहेर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. शाळेत हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. तिनं आपणहून अदृश्य मुलीचं काम मागितलं. तिला वाक्य एकच, पण चोर त्यावरच पकडला जाणार: “पडदा चोरणारा आपल्यातच आहे.” दिग्दर्शिका सातवीतली, भलतीच कडक. तालमीत हिचं तोंड उघडेना, तेव्हा तिनं वाक्य उडणारीला द्यायचं ठरवलं. त्या दिवशी पोरगी जेवली नाही. मग मीच मध्ये पडून हमी दिली की घरी तयारी करून घेतो.

अदृश्यतेचा तोडगाही माझाच. लूमवरचं, म्हणजे यंत्रमागावरचं, कोरं कापड खांद्यावर घ्यायचं. ते असेपर्यंत बाकीच्यांनी तिच्याकडे बघायचंच नाही. शोधाचा मला इतका गर्व झाला की तो मी वॉचमनलाही दोनदा समजावून सांगितला.

तालीम दुपारी घरात. बायको मानकोलीच्या गोदामात पॅकिंगला, रात्रपाळीची, म्हणून दुपारी तिची झोप. आवाज करायची सोय नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण मी वीस वर्षं शेलार गावात लूमवर काढलीत. त्या खडखडाटात घसा फोडून उपयोग नसतो, ओठ नीट हलवले की पलीकडच्या माणसाला सगळं कळतं, शिव्या तर आधी कळतात. आम्ही बापलेक घरात असेच बोलतो. तिनं वाक्य म्हटलं, मी वाचलं, मान डोलावली. दिग्दर्शिकेला जाऊन सांगितलं, एकदम खणखणीत म्हणते.

प्रयोगाला माझा लूमवरचा जुना जोडीदार आला होता, पुढच्याच खुर्चीत. खांब पडला, उडणारी स्टुलावर चढली, लोक हसले. मग कापड घेऊन माझी लेक मधोमध आली आणि तिनं वाक्य म्हटलं. ओठांनी. सुरेख, एकेक अक्षर सुटं. आवाज मात्र शून्य. मी विंगेत उभा, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पंधरा दिवसांत तिचा आवाज मी एकदाही ऐकलेला नाही.

मागून कुजबुज सुरू झाली. दिग्दर्शिका उडणारीला खुणावू लागली. तेवढ्यात माझा जोडीदार मागे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ती बोलते हाय, पडदा चोरनारा आपल्यातच हाय.” लोकांना वाटलं, हे नाटकातलंच. टाळ्या पडल्या. टाळ्या मिळाल्यावर हा गडी थांबतो होय? त्यानं पुढं जोडलं, “नि त्यानंच समोसेबी खाल्ले.” पार्किंग हसून लोटपोट.

पोरगी चिडली. आधी तिनं बिनआवाजाचंच काहीतरी सुनावलं. मी वाचलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. जोडीदारानंही वाचलं असणार, पण तो नेमका तेवढं सांगेना. मग ती दोन पावलं पुढे आली.

“काका, समोशाचं मी बोलले नाय. ते तुम्ही घातलंत.”

मोठ्यानं बोलताना तिचा आवाज घोगरा होता, माझ्यासारखा. मला हे माहीतच नव्हतं.

डोंगर उचलणारा नियम विसरून तिच्याकडे बघतच राहिला. उडणारीही स्टुलावरून वाकली. दिग्दर्शिका विंगेतून दटावत होती, बघू नका, ती दिसत नाही. कोणी ऐकलं नाही. लेकीनं घसरलेलं कापड खांद्यावर नीट केलं आणि आपलं वाक्य, समोशाशिवाय, मोठ्यानं म्हटलं.