ओला हौदा

जवसाच्या तेलाचा वास आला की मला माझं हिरवं लुगडं आठवतं. सासरे तळेगावात सुतार. एका व्यापाऱ्याच्या मालमोटारीला त्यांनी सागवानी हौदा बसवला होता, अन् त्यातूनच मला लोणावळ्याला, अंथरुणाला खिळलेल्या आईकडं धाडायचं ठरलं. सकाळी फळ्यांना तेल मीच चोपडलं आणि दुपारी, मोठी शहाणी, त्याच ओल्या फळीवर ऐटीत जाऊन बसले! सासूबाई दारातून गप्प बघत होत्या. मोटार सुरू झाली तशा म्हणाल्या, "ऊठ बघू. अगं बया, असल्या तेलकट लुगड्यानं माहेरी? लोकांत आमची लाज काढतीस व्हय? उतर खाली." मोटार गेली. आठवड्यात आई गेल्याचा निरोप आला. आता हसू याचं येतं, की उतरताना मी खुळीनं फळीवरचा माझ्या बुडाचा ठसा फडक्यानं पुसून, तेल सारखं करून दिलं.