रिकामा चौकोन

शाळाप्रवेशासाठी लेकीचं लसीकरण कार्ड उघडलं, तर पाच वर्षांच्या डोसाचा चौकोन रिकामा. त्या दिवशी सुई पाहून मीच तिला माघारी आणलं होतं आणि घरी "फार गर्दी होती" असं ठोकून दिलं होतं. आता प्रवेशच अडला, म्हणून पुन्हा दवाखान्यात गेलो. नर्सबाईंनी सुई काढताच लेकीने एक दंड पुढे केला आणि दुसऱ्या हाताने माझे डोळे झाकले.

"बाबा, तू बघू नकोस."

शौर्य घराण्यात वरून खाली उतरतं म्हणतात. आमच्याकडे ते खालून वर चढतंय.

शाळेतल्या बाईंनी भरलेला चौकोन पाहून तिला विचारलं, "रडलीस का गं?"

"मी नाही," ती म्हणाली.

मी अभिमानाने नाक पुसलं.