बेबीचा टीव्ही आणि कुसुमचं स्थळ

आमच्या घरातला टीव्ही विजेवर कमी आणि भांडणावर जास्त चालायचा.

तेलुगू मुलखातल्या मुधोळला पुढे माझं किराणा दुकान, मागे घर. घरोघरी रंगीत टीव्ही यायच्या आधीची ही गोष्ट. कापसाच्या हंगामात गिऱ्हाईक वाढलं की माझं डोकं तापायचं, आणि माझं तापलं की बायकोचं, सुमनचं, तापायचं. पोरीच्या कानावर वेडंवाकडं पडू नये म्हणून सुमन चार वर्षांच्या बेबीला टीव्हीपुढे बसवायची आणि आवाज वाढवायची. मग आम्ही निश्चिंतपणे भांडायचो. संध्याकाळी शेतीचे तेलुगू कार्यक्रम लागत. बेबीला त्यातलं अक्षर कळत नसे, पण भातावरची कीड ती डोळे विस्फारून पाही. (आपण पोरीवर संस्कार करतो आहोत, असं मला खरोखर वाटे!)

अशात माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, पाहायला वांकिडीहून पाहुणे यायचे ठरले. मुलगा मास्तर, वडील शिस्तीचे. त्यांना म्हणे शांत घर हवं होतं. आधीची दोन स्थळं मोडली होती.

"दादा, हे बी गेलं तं मी पुन्हा कोणासमोर बसणार नाही," कुसुमनं बजावलं. मला रात्रभर झोप नाही.

पाहुणे संध्याकाळी आले. "आमच्याकडं शांतता पाहा," मी छाती फुगवून सांगितलं, "पोरीले टीव्हीची सवय बी लावली नाही."

तेवढ्यात पोहे आले. मी घास घेतला. मीठ दोनदा पडलं होतं. (एकदा सुमननं टाकलेलं, दुसऱ्यांदा, मदत म्हणून, मी.) मी सुमनकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. दोघंही दात आवळून हसलो.

बेबीनं आमचे चेहरे नीट न्याहाळले. उठली, पाट ओढत टीव्हीपुढे नेला, बटण दाबलं आणि आवाज पार शेवटापर्यंत फिरवला. घरभर तेलुगूतून कीटकनाशक घुमू लागलं!

"पोट्टी काऊन तिकडं जाऊन बसली जी?" मुलाच्या वडलांनी ओरडून विचारलं.

"आता भांडण होते ना," बेबी म्हणाली.

"कोणाचं?"

"आई-बाबाचं."

मी धावत जाऊन टीव्ही बंद केला. "लहान हाय जी, काही बी बोलते."

"रोज पाह्यते काय बाई तू टीव्ही?" वडलांनी विचारलं.

"नाही. ते भांडले तरच." बेबीनं जरा विचार केला. "रोजच भांडते ते."

वडलांनी बशी खाली ठेवली. दारात चहा घेऊन उभी कुसुम माझ्याकडे रोखून पाहू लागली. बहिणीचं लग्न मी दोन चिमूट मिठानं मोडलं होतं.

तोवर एक शब्द न बोललेल्या मुलाच्या आईनं हात पुढे करून कुसुमकडून कप घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडं रेडिओ हाय," ती म्हणाली.

वडील खाली पाहू लागले. मास्तर पहिल्यांदाच हसला, त्याला पाहून कुसुमही. लग्न ठरलं.

त्यानंतर आम्ही शहाणे झालो आणि कुजबुजत भांडू लागलो. एका संध्याकाळी भांडण रंगात आलं असताना बेबी पाट घेऊन आमच्यात येऊन उभी राहिली.

"बाबा, काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं. मोठ्यानं भांडा ना."

पोरीचा शब्द मला कधी मोडवत नाही. मी आवाज वाढवला.