मुकी मॅच

आमच्या मैदानावरची शेवटची मॅच आम्ही तोंडातून आवाज न काढता खेळलो. तिचा व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे. त्याखाली जोडलेले हात, बदाम, ‘याला म्हणतात संस्कार’ वगैरे. कुणी तो पुन्हा टाकला की मी फोन उलटा करून ठेवतो. लाज वाटते, दुसरं काही नाही.

मैदान म्हणजे नायगावच्या दोन बीडीडी चाळींमधली मोकळी जागा. पुनर्विकास सुरू झाला तेव्हा अर्ध्या जागेत पत्रे ठोकले गेले आणि पत्र्यांपलीकडे पायाचे खांब ठोकणारं पायलिंगचं मशीन उभं राहिलं. अलीकडच्या अर्ध्यात टँकरचं पाणी सांडून चिखल झालेला, आणि चिखल नाही तिथे सिमेंटची धूळ. आमच्यातले निम्मे लोक एव्हाना पांगले होते. कुणी विरारला, कुणी बदलापूरला, मी खारघरला. उरलेल्या जागेतही सोमवारी पत्रे लागणार असं कळलं, म्हणून रविवारी समोरच्या चाळीशी शेवटची मॅच ठरली. पोटं सुटलेली, गुडघ्याला पट्टे बांधलेली सगळी मंडळी परत जमली. कॅप्टन मीच, कारण किट माझ्याकडे होतं.

जागा नसल्यामुळे पिच आमच्या चाळीच्या भिंतीला लागून आखावं लागलं. पत्र्यापलीकडे चेंडू गेला की आउट, कारण तिकडे गेलेला चेंडू वॉचमन परत देत नाही. अंपायर नेहमीसारखा बॅटिंग करणाऱ्या टीमचाच, म्हणजे भांडणाची सोय जागच्या जागी. आणि बोलरच्या बाजूचा स्टंप आला बरोबर तळमजल्यावरच्या काकांच्या खिडकीखाली. खिडकीला काकींनी धुळीसाठी प्लास्टिक बांधून टाकलं होतं, त्यामुळे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत काही दिसत नव्हतं.

हे काका आमचे कॉमेंटेटर. मिलमध्ये होते, मिल गेल्यावर ठिकठिकाणी वॉचमनकी केली, पण चाळीच्या मॅचला माइक त्यांच्याच हातात असायचा. मी पहिल्यांदा शून्यावर आउट झालो तेव्हा ते माइकवरून म्हणाले होते, “आपले सलामीवीर तंबूकडे परतत आहेत. मातोश्रींना विनंती, आज भोपळ्याची भाजी टाकावी.” आई गॅलरीत पदर तोंडाला लावून हसत होती. मी आठवडाभर काकांशी बोललो नाही. पण पुढे त्यांनी माझ्या एखाद्या फटक्यावर काहीच टोमणा मारला नाही, तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मॅच संपली की जिंकलेल्या कॅप्टनने चेंडू काकांच्या हातात द्यायचा अशी आमच्याकडे पद्धत होती. काका तो बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकत. पण फक्त मॅचचा. कुणी मस्करीत प्रॅक्टिसचा चेंडू आणून दिला, तर हाताने चाचपूनच तो परत देत. “हा आपल्या डब्यात नाय चालायचा,” म्हणत.

या मॅचच्या आदल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळ्यांनी आधीच कमी दिसत होतं. कान तेवढे शाबूत राहिले. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर मी एकदा भेटायला गेलो होतो. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं आणि काहीतरी सांगायला लागले. लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी नुसतं “हो काका, हो हो” करत राहिलो. मग मीटिंग आहे म्हणून मनगट सोडवून घेतलं आणि सटकलो. रविवारी दुपारी कसली मीटिंग! त्यानंतर आईला न्यायला-सोडायला चाळीत आलो की मी मागच्या जिन्याने जायचो, म्हणजे त्यांच्या दारावरून जावं लागत नसे.

मॅचच्या सकाळी मी फक्कीने क्रीज आखत होतो. काकी धूळ बसावी म्हणून दारापुढे पाणी मारायला बाहेर आल्या. आता तोंड चुकवायला जागा नव्हती.

“काकी, काका कसे आहेत?”

“रात्रभर झोपले नाहीत बघ. आत्ता कुठे डोळा लागलाय. तू जरा आत...”

‘आत’ ऐकलं आणि माझा पाय मागे सरला. “काही काळजी करू नका काकी. आवाज अजिबात होणार नाही. मी सगळ्यांना सांगतो.”

“अरे, ऐक तरी,” त्या म्हणाल्या. मी हात हलवून ‘निश्चिंत राहा’ अशी खूण केली आणि पोरांकडे गेलो. पोरं म्हणजे चाळिशीतले बाप्येच.

“आज कोण ओरडायचं नाय,” मी दोन्ही टीमला सांगितलं. “काका रात्रभर झोपले नायत. आता झोपलेत. अपील नाय, शिट्टी नाय, शिवी तर नायच नाय.”

समोरच्या चाळीचा कॅप्टन लगेच म्हणाला, “बरोबर आहे यार. आपल्यासाठी एवढं केलंय त्यांनी. तेवढी माणुसकी पायजे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीच विचारलं नाही की कॅप्टन, तू आत जाऊन बघून आलास का. विचारणार कोण? त्यांच्यातलंही कुणी गेलेलं नव्हतं. नुसतं तोंड बंद ठेवून माणुसकी होत असेल तर ती कुणाला नको असते?

मग ती मॅच झाली. आयुष्यात एवढी विचित्र मॅच मी खेळलो नाही. अपील करायचं तर सगळे वर्गात लघवीला विचारतात तसे बोट वर करून उभे. रन काढायचा तर ‘ये’ म्हणायची सोय नाही, त्यामुळे आमचे दोन भिडू एकाच बाजूला पोहोचले आणि एकमेकांकडे खाऊ की गिळू असे बघत राहिले. चिखलात एकजण आडवा झाला, त्याच्या तोंडून आईचा उद्धार निम्मा बाहेर आला आणि निम्मा त्याने हाताने आत ढकलला. गॅलरीतल्या बायका पोट धरून हसत होत्या, पण त्याही आवाज न करता. पायलिंगचं मशीन रविवारचं बंद. ऐकू येत होती ती फक्त बॅटची टकटक आणि आमची धाप.

शेवटच्या ओव्हरमध्ये मी पत्र्याला लागून जाणारा चौका मारला आणि आम्ही जिंकलो. कुणी ओरडलं नाही. दोन्ही टीम हात वर करून पंजे हलवत उभ्या राहिल्या. व्हिडिओ आहे तो याच क्षणाचा. त्यात मी मध्ये उभा आहे, छाती फुगवून, ओठांवर बोट ठेवून. स्वतःवर एवढा खूश मी लग्नातही नव्हतो.

चेंडू द्यायला आता जावंच लागणार होतं. दारातूनच काकींच्या हातात ठेवायचा आणि निघायचं, असं ठरवून मी कडी वाजवली. दार उघडंच होतं.

काका खाटेवर उशांना टेकून बसले होते. दाढी केलेली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर कॉमेंटरीच्या वेळी घालायचे ती टोपी. खाट ओढून खिडकीला लावलेली आणि प्लास्टिकचा एक कोपरा कान मावेल एवढा सोडलेला. त्या खिडकीपासून बोलरचा स्टंप दोन हातांवर होता.

“आलास?” काकी म्हणाल्या. “बघ ना, कालपासून नुसती घाई. मॅच आहे म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पाच मिनिटं झोपले, तेवढ्यात तू आलास. तुला सांगणार होते, सुरू झाली की एक हाक मार, उठवते त्यांना. तर तू गेलासच पळून. मग म्हटलं, आरडाओरडा झाला की कळेलच. तासभर झाला, दोन झाले, नुसती टकटक. यांना धरून बसवलेलं, उठून बाहेर बघायलाही जमेना. कोण ओरडेना की भांडेना. शेवटी मीच त्यांना म्हटलं, रद्द झाली असेल हो, पोरं नुसती हात साफ करतायत.”

माझ्या हातात चिखलाने बरबटलेला चेंडू होता. मला तोंड उघडवेना. तोंड बंद ठेवायची सकाळपासून सवय झालेली.

काकांना माझी चाहूल लागली होती. त्यांनी डावा हात पुढे केला. तोंड वाकडं झालं, बराच वेळ जुळवाजुळव चालली आणि एक शब्द निघाला. या वेळी मला तो स्वच्छ कळला.

“झाली?”

हो म्हणालो असतो तर शेवटची मॅच त्यांच्या कानाशी झाली आणि ती आम्ही त्यांना ऐकू दिली नाही, हे त्यांना कळलं असतं. मी काकींकडे पाहिलं. काकी चेंडूकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं.

“नाही काका,” मी म्हणालो. “पोरं जमली नाहीत. जरा प्रॅक्टिस केली.”

त्यांचा हात अजून पुढेच होता. काय करावं ते न सुचून मी त्यात चेंडू ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला. लव गेलेली, खाचेत ओला चिखल, एका बाजूला पत्र्याचा ओरखडा. मला वाटलं, आता ओळखतील. ओळखावं असंही वाटत होतं.

डबा खाटेखालीच होता. काकांनी तिकडे हात नेला नाही. चेंडू शर्टाला पुसून त्यांनी माझ्या हातात परत दिला.