पाचवं पान

हदगावच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला आई, वडील, धाकटा भाऊ आणि गल्लीतली निम्मी माणसं आली होती. वडील तहसील कचेरीत कारकून. मुलगा गोव्याला फुटबॉल खेळायला चाललाय आणि त्याचा त्याला पगार मिळणार आहे, हे लोकांना कसं सांगावं ते त्यांना सुचत नव्हतं. आमच्याकडं चेंडू खेळणं म्हणजे उडाणटप्पूपणा. नांदेडला कॉलेजात असताना एका उस्तादांनी मला खेळ शिकवला होता, त्यांच्याच ओळखीनं हे जमलेलं. पण पगारी खेळाडू हा प्रकार गावानं ऐकलाच नव्हता. म्हणून वडील आल्यागेल्याला सांगत होते, "कंपनीत लागलाय. लई मोठी कंपनी हाय." मी शेजारी, गळ्यात बुटांची जोडी अडकवून. बस सुटताना आईनं खिडकीतून हात घालून माझी अलाबला घेतली आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या पोरास्नी पाडू नको, अन् तूबी पडू नको." तिला खेळातलं तेवढंच कळत होतं.

गोव्यात मडगावजवळ एका आंटीच्या घरी आम्ही चार खेळाडू राहायचो. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा, दुपारी माशांचं हुमण आणि भात. पहिले दोन महिने मला ज्वारीची भाकरी आठवत राहायची. भेटेल तो विचारायचा, "तुजो गांव खंयचो?" हदगाव म्हटलं की समोरचा नुसता बघत राही. नांदेड म्हटलं तरी तेच. लातूरचं नाव मात्र दहावी-बारावीच्या निकालांमुळं लोकांच्या कानावरून गेलेलं असायचं. म्हणून मी "लातूरजवळ" असं सांगायला लागलो. लातूरहून हदगावला एसटीनं जायचं तर अख्खा दिवस मोडतो. पण गोव्यातून बघितलं तर सगळंच जवळ.

मग लातूरकडं भूकंप झाला. त्या सकाळी सरावाला गेलो तर मैदानावरचे सगळे माझ्याकडं बघत होते. कुणीतरी रेडिओवर ऐकलं होतं. आमचे पात्रांव, म्हणजे क्लबचे मालक, कधी नव्हे ते मैदानात उतरून माझ्यापाशी आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुजें घर?" मी म्हणालो, "माहीत नाही." तोवर ते खरं होतं. दुपारी एसटीडी बूथवर ताटकळून हदगावच्या औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानदारानं वडिलांना बोलावून आणलं. "भांडी वाजली निस्ती," ते म्हणाले. "आमी समदे ठीक हाव. तू खेळ."

घर शाबूत असल्याचं मी क्लबात कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी सामना होता. आम्ही दंडाला काळ्या फिती बांधल्या. लाऊडस्पीकरवरून सांगितलं गेलं की आठ नंबरचा खेळाडू लातूरचा आहे, त्याचं घर भूकंपात गेलं, तरी तो आज खेळतोय. सगळं स्टेडियम उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. मी तसाच पळत जाऊन ते बंद करायला हवं होतं. मी मान खाली घातली. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. त्या दिवशी मी जसा खेळलो तसा आधी कधी खेळलो नव्हतो, नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी तोंडानं खोटं एक अक्षर बोललो नाही, हे मी पुढं स्वतःला कितीतरी वर्षं ऐकवत आलो. मान मात्र माझीच होती.

हंगाम संपला तेव्हा दोन खेळाडू कमी करायचे ठरले. आमच्या खोलीत मिरजेचा दिलीप होता, माझ्याच जागेवर खेळायचा आणि माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं आणि पात्रांवांनाही ठाऊक होतं. पण ते म्हणाले, "ताका कसो धाडप? ताका घर ना." दिलीप गेला. ट्रंक उचलताना मला म्हणाला, "बरं झालं तुला ठेवलं. माझं काय, मला घर तरी आहे." त्यानंतर मी बारा वर्षं खेळलो. कुणी कौतुक केलं की मला ती ट्रंक दिसायची. मग मी आणखी जोरात पळायचो, जणू त्यानं काही फिटणार होतं.

गुडघा गेला तेव्हा प्रशिक्षकाची परीक्षा दिली आणि गळ्यात शिट्टी आली. वडील वारले. आई भावाकडं हदगावात. तिच्या थोडं जवळ जावं म्हणून लातूरची नोकरी घेतली. आता मी खरोखरच लातूरचा झालो. तोवर लातूरचा कायापालट झाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासेस, मेस, होस्टेलं, आणि चौकाचौकात डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींचे फोटो. देवणीपासून हदगावपर्यंतची पोरं तिथं येऊन राहिलेली. अशाच एका मोठ्या क्लासवाल्यांनी निवासी शाळा काढली होती आणि पालकांना दाखवायला त्यांना मैदान आणि कोच हवा होता. मी कोच आहे म्हटलं की पालक विचारायचे, "कोचिंग घेता का? विषय कोणता सर?" मी म्हणायचो, "फुटबॉल." "ते झालं हो, पण विषय?"

संस्थेच्या माहितीपत्रकात माझ्या फोटोखाली छापलं होतं: भूकंपातून उभा राहिलेला फुटबॉलपटू. जुन्या पेपरातलं कात्रण त्यांना कुठून मिळालं देव जाणे. छापण्याआधी माहितीपत्रक मला तपासायला दिलं होतं. मी 'पटू'चा उकार दीर्घ करून परत दिलं. बाकी सगळं तसंच राहू दिलं.

शाळेच्या मेसमध्ये गयाबाई नावाच्या बाई स्वयंपाकाला होत्या. औशाकडच्या. त्यांनी कुणाकडून तरी माहितीपत्रक वाचून घेतलं असावं. एक दिवस माझ्या ताटात गरम भाकरी टाकताना हळूच म्हणाल्या, "सर, कोणचं गाव तुमचं?" त्या भागात हा प्रश्न साधा नसतो. ज्यांचं गेलं ते एकमेकांना आधी गाव विचारतात, मग किती माणसं गेली ते. मी भाकरी मोडायला लागलो. "आई व्हती का घरात?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. पुन्हा तेच. सवय झालेली होती. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "न्हाई सांगवत, मला ठाव हाय." त्या दिवसापासून भूकंपाचा विषय निघाला की त्या लोकांना दटावायच्या, "सरांम्होरं नका काढू ते." माझी लबाडी माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त जपली.

आईला मी लातूरला येऊ देत नसे. रस्ता खराब आहे, खोली लहान आहे, परीक्षा चालू आहेत, काही ना काही काढायचो. तिसऱ्या वर्षी ती न सांगता आली. मी मैदानावरून मेसमध्ये शिरलो तर आई बाकड्यावर बसलेली, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, आणि समोर गयाबाई उभ्या.

"तुमी वाचलाव कशा, माय?" गयाबाई विचारत होत्या.

"कशातून?" आई म्हणाली. "मला काय झालतं?"

"भूकंपातून."

"हदगावला कुठला आला भूकंप? भांडी वाजली निस्ती. आमचे हे तर उठलेबी न्हाईत." आणि आई हसली.

गयाबाईंनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मग चुलीकडं गेल्या, ताजी भाकरी थापली, आईला वाढलं, आणि ती जेवून उठेपर्यंत पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. निघताना तिच्या पाया पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हदगावच्या बसमध्ये बसवून दिलं तेव्हा आई मला म्हणाली, "लई भली बाई हाय रे. पर रडत काहून व्हती?"

मी परत आलो तेव्हा गयाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सर, माझी चार माणसं गेली. मालक, सासू, दोन लेकरं. दर साली त्या दिवशी मी त्यांची पानं वाढते. तीन सालं झाली, पाचवं पानबी वाढायले. तुमच्या आईचं. तुमी एकला गडी, तुम्हाला कुठलं जमतंय म्हणून. नाव ठाव नव्हतं. सरांची आई म्हणून हात जोडायची." त्यांचा हात सुपातच थांबला. "जित्या बाईचं पान वाढलं मी. मला पाप लागंल का हो, सर?"

माझ्या खोटेपणाबद्दल त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. पापाची भीती त्यांना स्वतःची वाटत होती. शरमेनं माणूस अर्धमेला होतो असं आपण सहज बोलतो. मी त्या दिवशी झालो. "तुम्हाला नाही लागणार, मला लागेल," एवढंच कसंबसं म्हणालो. मग लाऊडस्पीकर, फोटो, दिलीप, सगळं सांगितलं. त्या ऐकत तांदूळ निवडत राहिल्या.

संस्थाचालकांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "माहितीपत्रक छापून झालंय सर. पुढच्या वर्षी बघू." दिलीपला मिरजेच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं. ते परत आलं.

भूकंपाचा दिवस आला तेव्हा मी गयाबाईंना म्हणालो, "पानं वाढायला गावी जाल तेव्हा मी येऊ का तुमच्याबरोबर? लांब उभा राहीन."

"न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "तिथं ज्यांची गेली ते येतेत. तुम्हाला घर हाय, सर. घरी जावा."

मी हदगावची बस धरली. गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना घर म्हणजे काय वाटतं, मला माहीत नाही. भूकंपानंतर मागं राहिलेल्यांना तर ते विचारायची माझी हिंमतच नाही. मला घर म्हणजे एवढंच कळतं, की ते पडलं नव्हतं. ते तिथंच उभं होतं, त्यात माणसं जेवत-झोपत होती, आणि मी त्यांना मेलेल्यांत जमा करून टाळ्या घेतल्या.

दुपार कलताना हदगावला पोचलो. आई म्हणाली, "आज काहून आला रे मधीच?"

"गयाबाईंनी धाडलं," मी म्हणालो.

पाचव्या पानाचं मी तिला सांगितलेलं नाही. ती ताट घेऊन आली, समोर बसली आणि वाढायला लागली. मी तिच्या तोंडाकडं बघू शकलो नाही.