सासऱ्यांची मिशी आणि माझं पहिलं शिल्प

माझ्या सासऱ्यांची मिशी मी मुद्दाम काढलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्या गावातले, देवळ्यातले, काही लोक अजूनही म्हणतात की जावयाला विरोधी पॅनेलने फोडलं होतं.

मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. दिवसभर नटबोल्ट मोजतो आणि मनातल्या मनात पुतळे घडवतो. (त्यामुळे नटबोल्टही चुकतात आणि पुतळेही.) गेल्या वर्षी एका शिल्पप्रदर्शनासाठी प्रवेशिका मागवल्या, तेव्हा मी घरात जाहीर केलं, “निवड झाली की नोकरी सोडणार.”

माझी बायको मनीषा शांतपणे म्हणाली, “सोडा. पण नाही झाली, तर बाल्कनीतली ती माती हलवायची. मला तिथं कपडे वाळत घालायचेत.”

दोन महिने मी एका शेतकऱ्याचा चेहरा घडवत होतो. तो दर रविवारी आमच्या मॅनेजरसारखा दिसायला लागायचा. सोमवारी शिल्प द्यायचं होतं, आणि शनिवारी आप्पा, म्हणजे माझे सासरे, देवळ्याहून आमच्याकडे इंदिरानगरला आले. कांद्याच्या वावरात रापलेला चेहरा, कपाळावर आठ्या आणि ओठांवर भरघोस मिशी. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला ते उभे होते. मिशीसकट बॅनर लागले होते. त्यांना दारात बघितलं आणि मला वाटलं, घडवत कशाला बसायचं? चेहऱ्यावरून सरळ साचाच घ्यावा! (कलेत याला लबाडी म्हणतात. मी वेळेची बचत म्हटलं.)

“आप्पा, अर्धा तास नुसतं पडून राहायचं.”

“जावईबापू, त्याला काय. जेवल्यावर तसा पण पडतोच की मी.”

रविवारी दुपारी बाल्कनीत चटई टाकली. आप्पांच्या नाकपुड्यांत दोन स्ट्रॉ घातल्या. प्लास्टर चिकटू नये म्हणून कपाळाला, भुवयांना, गालांना खोबरेल तेल चोळत नाकापर्यंत आलो, आणि तिथंच मला प्रदर्शन दिसायला लागलं.

मोठा हॉल. मंद दिवे. मधोमध माझं शिल्प. लोक त्याच्याभोवती देवळात आल्यासारखे हळू बोलतायत. मी खादीच्या झब्ब्यात, खिडकीशी. मॅनेजर कोपऱ्यात उभा, हातात माझा राजीनामा, डोळ्यांत पाणी. माझे हात आपोआप प्लास्टर लिंपत होते. खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. आप्पांचा श्वास स्ट्रॉमधून संथ येत-जात होता. खरं सांगतो, बारा वर्षांच्या नोकरीत इतकं सुखाचं मला कधी वाटलं नव्हतं.

स्ट्रॉमधून शिट्टी वाजली तेव्हा जागा झालो. प्लास्टर कधीच घट्ट झालं होतं. मी साचा उचलला. साच्याबरोबर आप्पाही उठून बसले.

मनीषा धावत आली. “अहो, हे सुटत का नाहीये?”

“मिशीला तेल लावायचं राहिलं.”

“बाकी सगळीकडे लावलं, मग मिशीलाच कसं राहिलं?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यात मॅनेजर रडत होता, म्हणून मी पाणी तापवायला पळालो. कोमट पाणी झालं, फटीतून तेल सोडून झालं. आप्पांना बोलता येईना. त्यांनी खुणेनं पेन मागितलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला चाचपडत लिहिलं, ‘बुधवारी मतदान हाय.’

शेवटी मनीषाने कात्री आणली. “आप्पा, कापू?”

स्ट्रॉमधून एक लांब शिट्टी आली. मग साचा हळूच होकारार्थी हलला.

मिशीशिवाय आप्पा हुबेहूब मनीषासारखे दिसत होते. (हे मी अजून कुणाला बोललेलो नाही.) मी कशीबशी माफी मागितली. आप्पा ओठांवरून बोट फिरवत म्हणाले, “वाढंल ती. तुमचं काम झालं का नाय, ते सांगा.” मला रडूच आलं. ज्यांचा बॅनरवरचा चेहरा मी मतदानाच्या तोंडावर बदलून टाकला, त्यांना माझ्या शिल्पाची काळजी होती.

संध्याकाळी साच्यात प्लास्टर ओतलं आणि सकाळी साचा फोडला. आत अडकलेली मिशी शिल्पावर केसन्‌केस उतरली होती. ती काढत बसायला वेळ नव्हता. रजा टाकली आणि तसंच देऊन आलो.

बुधवारी आप्पा थोडक्यात पडले. महिन्याभराने माझा निकाल आला. निवड झाली नव्हती. मी मुकाट्याने माती पोत्यात भरली आणि बाल्कनीत दोरी बांधून दिली.

तेवढ्यात आप्पांचा फोन. “काय म्हणले परीक्षक?”

निकालाच्या कागदावर दोन वाक्यं होती. ‘मिशी अत्यंत जिवंत. चेहरा मात्र खऱ्या माणसाचा वाटत नाही.’ मी आप्पांना फक्त पहिलं वाक्य वाचून दाखवलं.

“बघा,” आप्पा खूश होऊन म्हणाले, “निम्मं यश माझं हाय.”

मी हो म्हणालो. होतं तेवढं सगळंच त्यांचं होतं, हे सांगायचा धीर झाला नाही.